केळी की केयी?

बालमित्रांनो, भुसावळ स्टेशनावरून तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. मध्यरात्री "चाय, चाय" ऐकून डोळे किलकिले केले असतील आणि पुन्हा गाढ झोपले असतील. पण या गावात कधी उतरलात का? मी उतरले आणि राहिले! मी मूळची कोकणातली, कुडाळकडची. डी.एड. झाले आणि नोकरी लागली ती थेट भुसावळजवळच्या एका प्राथमिक शाळेत. इथे ना समुद्र, ना ओळखीचं माणूस.

आज तुम्हाला इथल्या एका शनिवार-रविवारची हकिगत सांगते. कोजागरी होऊन आठवडा झाला होता. दुपारी ऊन चटके द्यायचं, पहाटे मात्र गोधडी हवीशी वाटायची. शनिवारची सकाळची शाळा सुटली, पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. का ते ऐका. शुक्रवारी तिसरीच्या मुलांना 'माझे आवडते फळ' यावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलाने पाचही ओळींत 'केयी' लिहिलं. मी लाल शाईने पाच गोल केले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "अरे, आवडत्या फळाचं नाव तरी नीट लिही!" वर्ग खो खो हसला. एरवी सर्वांच्या आधी हात वर करणारा तो मुलगा शनिवारी एक शब्दही बोलला नाही.

संध्याकाळी मैत्रिणी मला ओढून स्टेशनच्या पुलावर घेऊन गेल्या. इथे पुलावरून गाड्या बघण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही! मुंबईहून सुमारे ४४५ किलोमीटर आलेली वाट भुसावळला दुभंगते. एक फाटा खंडवा-इटारसीकडे जातो, दुसरा अकोला-नागपूरकडे. १८७० साली मुंबई आणि कोलकाता रेल्वेने जोडले गेले, ते याच खंडवा-जबलपूरच्या वाटेने. रेल्वेमुळे गाव वाढलं आणि ठिकठिकाणची माणसं नोकरीसाठी इथे आली. माझ्या एका मैत्रिणीचे आजोबा आंध्रातून आले होते. ती घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी! म्हणजे इथे परकी मी एकटीच नव्हते.

रविवारी दुसऱ्या मैत्रिणीच्या शेतावर भरिताचा बेत होता. तापीचा पूल ओलांडून आम्ही यावलच्या बाजूला निघालो. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसत होती. तुम्हाला ठाऊक आहे ना, गोदावरी आणि कृष्णा पूर्वेकडे वाहतात? तापी मात्र मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, पश्चिमेकडे वाहते आणि सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. मनात आलं, हे पाणी तर माझ्याच समुद्राकडे चाललंय!

शेतात केळीची बाग होती. आपण केळीचं झाड म्हणतो खरं, पण त्याला लाकूड नसतंच. पानांचे देठ एकमेकांवर घट्ट गुंडाळून ते खोड झालेलं असतं. त्याला एकदाच घड येतो, मग ते कापतात आणि शेजारचा कोंब वाढवतात. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

बांधावर काड्या पेटवून मोठी हिरवी वांगी भाजली. ती सोलून लाकडी भांड्यात ठेचली. त्यात मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात पडली. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. मैत्रिणीची आजी आग्रह करकरून वाढत होती. पोट तुडुंब भरलं आणि माझ्या तोंडून आमची मालवणी निघाली, "आजी, माका आता नको!"

सगळ्या हसल्या. मी ओशाळले. आजी मात्र माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आमी 'मले' म्हनतो, तुमी 'माका' म्हनता. भरीत तं एकच हाये ना बाई!" आणि तिने आणखी एक डाव वाढलाच.

घास माझ्या हातातच राहिला. मला तो मुलगा आठवला. इकडच्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. त्याने कानाने ऐकलं तसं अगदी बरोबर लिहिलं होतं. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी याच बोलीत गायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आदींनी गाणी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांच्या वहीत कुणी लाल गोल केले असते तर?

सोमवारी मी फळ्यावर दोन रकाने आखले. एक 'घरचा शब्द', दुसरा 'पुस्तकातला शब्द'. पहिल्या ओळीत माझा 'माका' लिहिला आणि शेजारी 'मला'. मुलं हसली. मग त्या मुलाला म्हटलं, "परवा चूक माझी झाली. पुढची ओळ तू लिही." तो थोडा वेळ बसूनच राहिला. मग हळूच उठला, 'केयी' लिहिलं, शेजारी 'केळी' लिहिलं आणि खडू खाली न ठेवता म्हणाला, "बाई, अजून एक लिहू?"

त्या दिवशी फळा पुरला नाही. मुलांनो, तुमच्या आजीचा घरचा शब्द कोणता? आज विचारा बरं!