रिकामी ओळ

वीस वर्षे बँकेत 'जमा' आणि 'नावे' लिहिल्यावर माणसाला वाटू लागते, की नावांतले आपल्याला सगळे कळते. वास्तुशांतीच्या आमंत्रणांची यादी अकारविल्हे लावायची होती. कन्या इंजिनिअरिंगला. म्हणाली, "बाबा, तुम्हीच प्रोग्रॅम लिहा की! हॅस्केल शिकवते तुम्हाला." ही भाषा १९९० सालची, नाव हॅस्केल करी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाचे. आडनावच करी म्हटल्यावर तांबड्या रश्श्यावर वाढलेला कोल्हापूरकर मागे हटतो होय!

पहिल्याच ओळीला ठेच लागली. एकेरी अवतरणचिन्हांतला क म्हणजे अक्षर. दुहेरीतला क म्हणजे अक्षरांची माळ, मग तिच्यात मणी एकच का असेना. कॅशमधल्या माणसाला हे पटकन समजते. एक नोट वेगळी, एका नोटेचे बंडल वेगळे. बंडलातली पहिली नोट काढायचा साचा असा: पहिले, मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके, मग उरलेले. भोवती कंस घालायला विसरलो, तर यंत्र हटूनच बसले.

मग कळले, की आपण कोल्हापूर चार अक्षरांचे समजतो, यंत्र नऊ मोजते. काना, मात्रा, पाय मोडायची खूण, सगळे सुटे! गाव उलटे छापले तर निघाले 'रूपाह्लोक'. एखाद्या टॉकीजला शोभेल.

शेवटी एकदाचे जमले. छत्तीस नावांची आद्याक्षरे झरझर छापली गेली आणि सदतिसाव्याला प्रोग्रॅम कोसळला.

"बाबा, रिकामी ओळ आली तर काय करायचं, ते तुम्ही सांगितलंच नाही. माळेत मणीच नाही, तर पहिला कुठनं काढणार?"

ती ओळ मी मुद्दामच रिकामी ठेवली होती. जुन्या घराच्या वाटणीपासून थोरल्या भावाशी बोलणे बंद. नाव लिहवत नव्हते, ओळ खोडवत नव्हती.

"सोपं आहे," कन्या म्हणाली. "साच्यांत एक वाढवा. रिकामं असेल, तर सोडून पुढं जा."

वाढवला. यंत्र मुकाट पुढे गेले. मला मात्र जाता येईना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, दादांकडं आमंत्रण द्यायला दोघं जाऊया की तुम्ही एकटे जाताय?"

सदतिसाव्या ओळीत नाव घातले आणि यादी अकारविल्हे लावली. दादांचे नाव अ वरून. सगळ्यांच्या वर जाऊन बसले. थोरले ते थोरलेच!