रूळ उखडलेल्या वाटेवर लाँगबोर्ड

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या वायव्येस स्मर्ना हे गाव आहे. तेथून पश्चिमेकडे सुमारे १२ फूट रुंदीचा एक पक्का रस्ता निघतो. या रस्त्यावर मोटारीला मज्जाव आहे आणि प्रवेशाला शुल्क नाही. ६१.५ मैल चालत गेल्यावर जॉर्जियाची हद्द संपते. पुढे अलाबामा राज्यात तोच रस्ता नाव बदलून ॲनिस्टनच्या दिशेने आणखी ३३ मैल जातो. अलीकडच्या भागाचे नाव सिल्व्हर कॉमेट, पलीकडच्याचे चीफ लाडिगा. दोन्ही मिळून अंतर होते सुमारे १५२ किलोमीटर. पादचारी व सायकलस्वार यांची येथे वर्दळ असतेच. परंतु चार चाकांच्या लांब फळीवर उभे राहून, एका पायाने जमीन रेटत हे अंतर कापणारे प्रवासीही येथे येतात. त्या फळीला लाँगबोर्ड म्हणतात.

सिल्व्हर कॉमेट म्हणजे रुपेरी धूमकेतू. हे एका आगगाडीचे नाव होते. सीबोर्ड एअर लाइन रेल्वेची ही गाडी १९४७ पासून १९६९ पर्यंत न्यूयॉर्कहून अटलांटामार्गे बर्मिंगहॅमपर्यंत धावत असे. (येथील ‘एअर लाइन’चा विमानाशी काही संबंध नाही. विमाने येण्यापूर्वीच्या इंग्रजीत सरळ, जवळच्या मार्गाला तसे म्हणत.) गाडी गेली, पुढे रूळही निघाले आणि मागे उरलेल्या भरावावर फरसबंदी झाली.

लाँगबोर्डवाल्याला हीच वाट का सोयीची, याचे उत्तर त्या भरावात आहे. पोलादी रुळावरचे पोलादी चाक चढावर घसरते, म्हणून रेल्वेच्या अभियंत्यांनी टेकड्या फोडल्या, घळी भरल्या आणि चढ सहसा शंभर फुटांस दोन-तीन फुटांपलीकडे जाऊ दिला नाही. सायकलस्वाराजवळ गिअर असतो. तीव्र चढ आला की तो गिअर बदलतो. लाँगबोर्डवाल्याजवळ गिअर नाही आणि बहुधा ब्रेकही नाही. आगगाडीला जे परवडत नव्हते ते त्यालाही परवडत नाही. म्हणून दूरच्या प्रवासासाठी बोर्ड जुळवणे हे सारे काटकसरीचे शास्त्र आहे.

पहिला प्रश्न फळीच्या उंचीचा. जमीन रेटताना एक पाय खाली टेकतो, तेव्हा फळीवरचा दुसरा गुडघा तितकाच वाकतो. एका रेट्यात बोर्ड सरासरी ८ मीटर जातो असे धरले, तर १५२ किलोमीटरला १९ हजार रेटे लागतात. फळी केवळ २ सेंटीमीटरने उंच असली तरी उभ्या गुडघ्याला १९ हजार वेळा २ सेंटीमीटर जादा खाली-वर व्हावे लागते. बेरीज केली तर ती ३८० मीटर भरते. आयफेल टॉवरची उंची ३३० मीटर आहे. दुकानातली फळी हाताळून पाहताना हे २ सेंटीमीटर कोणाच्याही डोळ्यांत भरत नाहीत. वाटेच्या उत्तरार्धात मात्र गुडघा त्यांचा व्याजासह हिशेब मागतो.

म्हणून लांब पल्ल्याची फळी मध्यभागी खोलगट उतरलेली असते आणि तिची दोन टोके वर उचललेली असतात. चाकांचे आस त्या उंच टोकांना जोडलेले राहतात, उभे राहण्याची जागा मात्र जमिनीलगत येते. फळी फार लवचीक असून चालत नाही. प्रत्येक रेट्याला ती झोल घेऊ लागली तर पायाची शक्ती पुढे जाण्याऐवजी फळी वाकवण्यात खर्च होते. थोडी लवचीकता तळपायाला सुखावते हे खरे, तरी लांबच्या वाटेला ताठ फळीच बरी.

चाकांच्या बाबतीत नवखा माणूस हमखास फसतो. साध्या स्केटबोर्डचे चाक ५०-५५ मिलिमीटर व्यासाचे आणि दगडासारखे कठीण असते. गुळगुळीत फरशीवर ते उत्तम. पण सिल्व्हर कॉमेटचा बराचसा भाग काँक्रीटचा असून त्याला ठरावीक अंतरावर सांधे आहेत. त्यावरून जाताना जुन्या आगगाडीसारखा टक्-टक् नाद येतो. हा नाद कानाला गोड वाटला तरी कठीण चाकावर त्याचा प्रत्येक ठोका घोट्यापर्यंत पोहोचतो. शिवाय दोन्ही बाजूंच्या झाडांवरून काटक्या व फळे रस्त्यावर पडतात आणि लहान चाक काटकीपुढे अडते. चाक थांबते, माणूस पुढे जातो. यासाठी ८५ ते १०० मिलिमीटरचे, कठिणतेच्या मापात ७५ ते ८० ‘ए’ असे मऊ पॉलियुरेथेनचे चाक घ्यावे. मोठे चाक जड असते, वेग घ्यायला आळस करते. पण एकदा फिरू लागले की तो वेग सहज सोडत नाही. मात्र वळताना ते फळीला घासत नाही ना, हे घरीच पाहून घ्यावे, कारण घासले तर चाक जागीच थांबते.

चाकात बसते ते ६०८ क्रमांकाचे बेअरिंग. बाहेरचा व्यास २२, भोक ८, जाडी ७ मिलिमीटर. यंत्रांच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला हा आकडा पाठ असतो. एका चाकात दोन, म्हणजे एकूण आठ. दोन बेअरिंगांच्या मध्ये नळकांड्यासारखा स्पेसर अवश्य घालावा. नाहीतर नट आवळताना बेअरिंग तिरके दाबले जाते. पातळ तेलाचे दोन थेंब पुरेत. हातात धरून टिचकी मारल्यावर चाक किती वेळ फिरते यावर बेअरिंगची पारख करणारे बरेच आहेत, पण ती पारख फसवी आहे. माणसाचे वजन पडल्यावर ते कसे फिरते हे तेथे कळतच नाही.

आस धरणाऱ्या धातूच्या जोडणीला ट्रक म्हणतात. माल वाहणाऱ्या ट्रकशी तिचे नावापुरतेच नाते. अंग कलते केले की या जोडणीतील बुशिंग नावाच्या रबरासारख्या चकत्या दबतात आणि बोर्ड वळतो. पुढचा ट्रक सहज वळणारा, मागचा कमी कोनाचा व अधिक घट्ट ठेवण्याची रीत आहे. दोन्ही सारखेच सैल ठेवले तर उतारावर बोर्ड डोलू लागतो, आणि तो डोल वाढत गेला की माणूस फेकला जातो.

याची परीक्षा रॉकमार्टच्या पुढे होते. तोवरची वाट सौम्य आहे. डॅलस गावाजवळ पंपकिनव्हाइन ओढ्यावरचा सुमारे २३० मीटर लांब व ३८ मीटर उंच जुना रेल्वेपूल येतो, मग ब्रशी माउंटनखालचा सुमारे २४० मीटरांचा बोगदा. रॉकमार्ट हे नाव ‘रॉक मार्केट’वरून आलेले, तेथे पाटीच्या दगडाचा व्यापार चाले. मालाच्या नावावरून गाव ओळखले जावे, हे व्यापारी मनाला विशेष भावेल. त्यानंतर सीडरटाउनच्या बाजूला वाट रेल्वेचा जुना भराव सोडते आणि तेथे टेकड्यांचे खरे चढ-उतार लागतात. उतारावर वेग आवरण्यासाठी मोकळ्या पायाचा तळवा जमिनीवर घासत न्यावा लागतो. अशा वेळी मागचा ट्रक घट्ट आणि बुटाचा तळ जाड असावा. शंका वाटली तर खाली उतरून बोर्ड काखेत मारावा व चालत जावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

राज्यसीमा ओलांडली की घड्याळ एक तास मागे जाते.  अलाबामातील वाट ज्याच्या नावाची आहे तो लाडिगा क्रीक जमातीचा प्रमुख होता. १८३२ च्या ज्या करारामुळे या लोकांचा येथील भूमीवरचा हक्क गेला, त्यावर सही करणाऱ्यांत तोही होता. पीडमाँट, जॅक्सनविल ही गावे ओलांडताना त्या लोकांची आठवण देणारे हे नाव पाट्यांवर पुन्हा पुन्हा भेटते.

एवढ्या अंतरात पाय आलटून-पालटून रेटण्याची सवय नसेल तर कोणतीही जुळवणी उपयोगी पडत नाही. ती सवय आधी काही महिने घरच्या रस्त्यावर लावावी लागते. रॉब थॉमसन या न्यूझीलंडच्या तरुणाने २००७-०८ मध्ये स्वित्झर्लंडपासून शांघायपर्यंत १२,१५९ किलोमीटर प्रवास स्केटबोर्डवरून केला. त्याच्या मानाने १५२ किलोमीटर थोडे खरे, पण गुडघा दुसऱ्याच्या विक्रमावर चालत नाही. बहुतेकांनी हे अंतर दोन-तीन दिवसांत वाटून घ्यावे. खिशात अर्धा, नऊ-सोळांश व तीन-अष्टमांश इंचाचे पाने असावेत. मुक्कामी दर रात्री नट तपासावेत, आणि चाके पुढची मागे व मागची पुढे करावीत म्हणजे झीज सारखी होते. पाऊस लागला असेल तर बेअरिंग त्याच रात्री पुसून तेल द्यावे. सकाळपर्यंत गंज थांबत नाही.

ॲनिस्टन शहरात आजही रेल्वे स्थानक आहे. न्यूयॉर्क आणि न्यू ऑर्लिन्स यांच्यामध्ये धावणारी क्रेसेंट गाडी तेथे थांबते व अटलांटालाही जाते. फळी काखेत घेऊन, झिजल्या बुटांनी परत जाण्यासाठी ती सोयीची पडते.