सोयाबीनचा भाव आणि शाळेचा पट

आमच्या माळव्यात सोयाबीनला देशी नाव नाही. गहू, ज्वारी, तूर, कपाशी ह्यांची नावे शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आहेत. काळ्या दाण्याचे एक जुने सोयाबीन इकडे ‘कालीतूर’ म्हणून ओळखले जाई. पण त्याचा पसारा थोडका होता. आज श्रावणात रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्षितिजापर्यंत जी हिरवाई दिसते, ती पिवळ्या दाण्याच्या सोयाबीनची. हे पीक आपले नाव सोबत घेऊनच आले आणि त्याच नावाने राहिले. ‘जागतिकीकरण’ हा भारदस्त शब्द मी अनेक ग्रंथांतून वाचला, व्याख्यानांतून ऐकला. परंतु त्याचा अर्थ मला खरा समजावून दिला तो ह्या पिकाने. इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका शासकीय शाळेत माझी पुष्कळ वर्षे गेली आहेत, आणि त्या शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरची चूल ह्याच दाण्यावर पेटते.

सोयाबीन येथे आले त्याचे कारण आमच्या जमिनीतच होते. माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. म्हणून पूर्वी कित्येक शेतकरी खरिपात रान पडीक ठेवीत आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घेत. १९६० च्या दशकात जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पिवळ्या सोयाबीनचे प्रयोग केले, आणि ते पीक त्या रिकाम्या चार महिन्यांत नेमके बसले. १९७० च्या सुमारास साऱ्या देशात मिळून अवघे तीस हजार हेक्टर सोयाबीन होते. आज ते एक कोटी हेक्टरांहून अधिक आहे, आणि त्याचा फार मोठा वाटा मध्य प्रदेश व महाराष्ट्र ह्या दोन राज्यांचा आहे. लातूरकडचे किंवा विदर्भातले आपले आप्त आणि आमचे माळव्यातले शेजारी ह्यांचे दैव आता एकाच दाण्यात बांधले गेले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

माझ्या लहानपणी आमच्या घरी शेंगदाण्याचे तेल येई. आई ते चिनी मातीच्या बरणीत ओतून ठेवी आणि पळीने मोजून फोडणीत घाली. सोयाबीनच्या तेलाला तिने पुष्कळ दिवस घरात थारा दिला नाही. त्याला वास येतो, असे तिचे म्हणणे होते. पुढे ते स्वस्त झाले, शुद्ध होऊन डब्यांत येऊ लागले, आणि तिच्या हयातीतच आमच्या पोह्यांची फोडणी त्या तेलात पडू लागली. एखादा सांस्कृतिक बदल घडतो तो असा. त्याची घोषणा होत नाही. एके दिवशी बरणी बदलते, एवढेच.

आता ह्या दाण्याचे अर्थशास्त्र पाहू. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे एक पंचमांश तेल असते. उरलेल्याची पेंड होते आणि ती कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यासाठी विकली जाते, परदेशीही जाते. म्हणजे दाण्याचा भाव तेल आणि पेंड ह्या दोन खांबांवर उभा असतो, आणि हे दोन्ही खांब आमच्या शिवारात रोवलेले नाहीत. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते: पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून, सोयाबीनचे तेल प्रामुख्याने अर्जेंटिना व ब्राझीलमधून. तिकडे पीक उदंड आले की इकडे तेल उतरते. पेंडीलाही त्याच देशांशी स्पर्धा करावी लागते. आणि ह्या साऱ्या सौद्यांचा लंबक हलतो तो अमेरिकेतील शिकागो शहरात. तेथील वायदेबाजार १८४८ साली स्थापन झाला आणि सोयाबीनचे वायदे तेथे १९३६ पासून चालत आले आहेत. २०१८ साली अमेरिका आणि चीन ह्यांच्यात जकातीचे भांडण जुंपले. चीनने अमेरिकी सोयाबीनवर पंचवीस टक्के शुल्क बसवले आणि शिकागोचा भाव दहा वर्षांतल्या नीचांकापर्यंत घसरला. असे धक्के कोठे कोठे पोचतात, हे आमच्या मंडीत उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

तथापि माळव्याला हा अनुभव सर्वस्वी नवा नाही. एकोणिसाव्या शतकात येथली अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाई. कंपनी सरकारचा कर चुकवण्यासाठी ती पोर्तुगीजांच्या दमणमार्गेही जात असे. चीनमधील व्यसनाधीनांच्या दुर्दैवावर आमच्या बाजारपेठा वाढल्या, हे सत्य कितीही कटू असले तरी ते लपवण्यात अर्थ नाही. १९०७ नंतर तो व्यापार टप्प्याटप्प्याने बंद झाला. कपाशीचे तसेच. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले आणि तिकडचा कापूस अडकला, तेव्हा हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला आणि मुंबईच्या भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. म्हणजे जग आमच्या शेतात पूर्वीच शिरले होते. फरक पडला तो बातमीच्या वेगात.

पूर्वी परदेशचा भाव जहाजाने येई. १८७० नंतर समुद्राखालच्या तारांनी तो दिवसा-दोन दिवसांत येऊ लागला. पण ती तार व्यापाऱ्याच्या पेढीवर येई, शेतकऱ्याच्या ओसरीवर नव्हे. २००० साली मध्य प्रदेशातील सोयाबीनच्या पट्ट्यातच ‘ई-चौपाल’ नावाचा उपक्रम आयटीसी ह्या कंपनीने सुरू केला. गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याच्या घरी उपग्रहाशी जोडलेला संगणक बसवला गेला आणि मंडीचा भाव घरबसल्या समजू लागला. कंपनीला दाणा हवा होता, हे उघडच आहे. परंतु अडत्या सांगेल तोच भाव, ही जुनी लाचारी त्यामुळे कमी झाली, हेही तितकेच खरे. आता तर प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. आमच्या गावातला अंगठाबहाद्दर म्हातारासुद्धा नातवाकडून शिकागोचा आकडा वाचून घेतो.

माझ्यापुरते सांगायचे तर ह्या आकड्याचे प्रतिबिंब मला शाळेच्या हजेरीपटात दिसते. ज्या वर्षी सोयाबीन चांगल्या भावाने जाते, त्या वर्षी पुढच्या जूनमध्ये दहा-वीस मुलांचे दाखले निघतात. ती तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जातात. गळ्यात टाय, पाठीवर नवे दप्तर, पिवळी बस. ज्या वर्षी भाव पडतो, त्या वर्षी त्यांतली निम्मी मुले खालमानेने परत येतात. आमचा पट भरतो, पण त्याचा आनंद मानावा असे मला कधी वाटले नाही. परत आलेल्या मुलाला इंग्रजी धड आलेले नसते आणि हिंदीची सवय मोडलेली असते. दोन शाळांच्या मध्ये त्याचे एक वर्ष हरवलेले असते. शिकागोचा आलेख पुन्हा वर चढतो. हे वर्ष मात्र कोणत्याही बाजारात परत मिळत नाही.

२०२४ च्या भाद्रपदात असेच झाले. केंद्राने हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर केला होता आणि मंडीतला भाव त्याच्या पुष्कळ खाली गेला होता. गावोगाव ट्रॅक्टरांचे मोर्चे निघाले. त्या दिवसांत आठवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, “सर, भाव कोण ठरवतो?” क्रमिक पुस्तकात मागणी आणि पुरवठा ह्यांवर एक परिच्छेद आहे, तो त्याने पाठ केला होता. पण त्याला हवे होते ते उत्तर त्यात नव्हते. मी भिंतीवर जगाचा नकाशा टांगला. शिकागो, ब्राझील, अर्जेंटिना, मलेशिया, चीन अशी बोटे फिरवत दोन तासिका आम्ही त्या प्रश्नाचा पाठलाग केला. अखेरीस पाठीमागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, “त्यांच्याकडचे सगळे आपल्याला कळते. आपल्याकडचे त्यांना कळते का?”

मी तिला म्हणालो, काही कळते. आपल्याकडे पाऊस किती पडला, पीक किती उभे आहे, हे त्यांना उपग्रहावरून समजते. पण तुझ्या ताईचे लग्न पुढे ढकलले, हे समजत नाही. वर्ग गप्प झाला. मला जागतिकीकरणाविषयी जे म्हणायचे आहे ते इतकेच आहे. जगभराच्या दळणवळणाने आपल्यापर्यंत भाव आणून पोचवला; त्याचे कारण पोचवले नाही. आणि आपल्याकडून तिकडे माल गेला. आपली हकीकत गेली नाही. ह्याला वार्ता म्हणता येईल, संवाद म्हणता येणार नाही.

ह्यात दोष नेहमी परदेशाचाच असतो, असे समजणेही भोळेपणाचे होईल. त्याच सप्टेंबरात सरकारने मध्य प्रदेशात हमीभावाने खरेदीस मंजुरी दिली आणि कच्च्या खाद्यतेलांवरील मूळ आयातशुल्क शून्यावरून वीस टक्क्यांवर नेले. शेतकऱ्याला आधार मिळावा, हा हेतू. लगेच शहरांत तेल महागल्याची ओरड झाली, आणि ती ओरड करणाऱ्यांत आमची-तुमची घरेही होती. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस ते शुल्क पुन्हा दहा टक्क्यांवर आणले गेले. स्वस्त तेलाचा डबा घरी आणताना मलाही बरे वाटते. तोच डबा माझ्या विद्यार्थ्याच्या बापाला जड जातो. एका हाताचा लाभ दुसऱ्या हाताची हानी कसा होतो, हे पाहायला शिकागोपर्यंत जावे लागत नाही. इंदूरच्या स्वयंपाकघरातून सुद्धा ते दिसते.

शेवटी संस्कृतीविषयी दोन शब्द. सोयाबीनच्या मुळांना गाठी येतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून रोपाला देतात. परंतु नव्या जमिनीत हे जिवाणू नसतात. म्हणून पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणूंचे एक काळपट संवर्धक चोळावे लागते. खत-बियाण्याच्या दुकानांत त्याला सरळ ‘कल्चर’ म्हणतात. काही हंगाम ते नेमाने दिले की पुढे जमीनच ते सांभाळू लागते. हा शब्द दुकानात प्रथम ऐकला तेव्हा मला हसू आले होते. आता येत नाही. अठराव्या शतकात होळकर, शिंदे, पवार ह्यांच्या मागोमाग आपले पूर्वज ह्या मुलखात आले, तेव्हा आपणही परके बियाणेच होतो. आपण येथे रुजलो, कारण कोणी ग्रंथालय चालवले, कोणी गणेशोत्सवात व्याख्याने ठेवली, आणि घराघरांतून मुलांना मराठीत गोष्टी सांगितल्या गेल्या. ते संवर्धक पिढीमागून पिढी मुळांशी चोळले गेले. जगाचे वारे घरात येणारच. आमची मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला जाणारच. प्रश्न एवढाच आहे की त्यांच्याबरोबर आपण नुसते बी पाठवतो, की ते संवर्धकही पाठवतो.

आमच्या शाळेत त्या दिवसापासून एक लहानसा परिपाठ सुरू आहे. सकाळी फळ्यावर सुविचाराच्या शेजारी मंडीतला सोयाबीनचा भाव लिहिला जातो. त्याच्याखाली ‘कारण’ असा शब्द लिहून पुढे एक ओळ सोडलेली असते. आठवीची मुले वर्तमानपत्र वाचून, घरी विचारून ती भरतात. कधी ब्राझीलचा पाऊस असतो, कधी आयातशुल्क, कधी केवळ अफवा. कारण सापडले नाही तर ती ओळ कोरी ठेवावी, मनचे काही लिहू नये, असा नियम मुलांनीच केला आहे.