दोन्ही कलमांनी बाद

मी नगर जिल्ह्यातला, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेला. आमच्या गावच्या चर्चमध्ये टाळ, पेटी आणि रेव्हरंड टिळकांची भजनं. पाळकांना हाताशी कुणी लागलंच तर पहिल्या बाकावरचा एखादा म्हातारा उठायचा. एवढ्या शिदोरीवर मी ट्रॉम्बेच्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरचा जावई झालो. मुलाचं पहिलं कम्युनियन होऊन वर्ष उलटलं, तसं त्याने जाहीर केलं, "पप्पा, मी वेदीसेवक होणार. फादरनी पालकांना बोलावलंय."

बायकोची तेव्हा शिफ्ट होती, म्हणून मी गेलो.

सॅक्रिस्टी म्हणजे वेदीशेजारची तयारीची खोली. तिथं मी भिंतीला टेकून उभा होतो आणि भोवती दहा-बारा मुलं लाल झगे शोधत होती. कुणी काय धरायचं यावरून भांडणं चाललेली. क्रूस उंच मुलाकडे, मेणबत्त्या सारख्या उंचीच्या जोडीकडे, पाण्याचा आणि द्राक्षारसाचा चंबू धांदरटाकडे कधीच नाही. थुरिबल, म्हणजे साखळ्यांचं धुपाटणं, मिळण्यासाठी मात्र सगळे जीव टाकतात. कोळशाची चकती चिमट्यात धरून पेटवायची, कडेकडेने ठिणग्या धावतात, पण तेव्हा धूप घालायचा नाही. वरून राखाडी होईपर्यंत थांबायचं. हे मला एका सतरा वर्षांच्या मुलाने शिकवलं, तेही अगदी गंभीर चेहऱ्याने. "अंकल, घाई केली तर नुसता कोळशाचा धूर होतो, वास येत नाही."

मोठ्यांमध्ये मुख्य एक निवृत्त अंकल. लहानपणी त्यांनी स्वतः वेदीसेवा केली ती लॅटिनमध्ये. अर्थ कळो न कळो, उत्तरं तोंडपाठ हवीत, नाहीतर कान पिरगाळला जायचा. 1963 साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला दार उघडलं आणि त्यांची पाठांतराची कमाई एका फटक्यात बाद झाली. हे ते हसत सांगतात, पण पुरतं हसत नाहीत. मुलींना वेदीसेवेची परवानगी रोमने 1994 साली दिली. आमच्या गटात अजून मुलंच आहेत, आणि माझी धाकटी दर रविवारी 'का?' विचारते. माझ्याकडे उत्तर नाही, आणि जी उत्तरं मी ऐकली ती मला पटलेली नाहीत.

फादरनी पालकांसमोर दोन गोष्टी ठेवल्या. पहिली, कुठल्याही मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही. दार उघडं, आणि मोठी माणसं दोन. 2012 चा पॉक्सो कायदा मुलींइतकाच मुलग्यांनाही लागू आहे आणि संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. एक-दोन पालक अवघडले. मला मात्र त्या सगळ्या गोंधळात तेवढंच स्वच्छ कळलं आणि बरं वाटलं.

दुसरी गोष्ट माझ्या डोक्यावरून गेली: प्रत्येकाने आपला सोडून दुसऱ्याचा मुलगा बघायचा.

फादर सॅलेशियनांच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे त्यांनी सॅलेशियनांच्या संस्थापकाची, डॉन बॉस्कोची, आई काढली. 1846 साली ही मार्गारीटा गावचं घर सोडून तूरिनला गेली आणि मुलाने गोळा केलेल्या पोरक्या, कामकरी पोरांचं रांधत, त्यांचे कपडे ठिगळत राहिली, 1856 साली मरेपर्यंत. माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "आणि इस्त्री?" कारण झगे धुण्याचं काम आयांकडेच आलं होतं. कापडावर सांडलेलं मेण खरवडायचं नसतं, वर तपकिरी कागद ठेवून इस्त्री फिरवली की मेण कागदात उतरतं, हे ज्ञान मला त्यांच्याकडून मिळालं. आता आमच्या घरचे झगे मी करतो. तेवढंच एक काम मला पहिल्या दिवसापासून नीट जमलं.

बाकी कारभार वेळापत्रकाचा. कुणाचे वडील माहुलच्या रिफायनरीत रात्रपाळीला, कुणाचे भरतीच्या वेळेनुसार होडीवर. सकाळच्या मिस्साला मुलांना कोण आणणार, हे आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर ठरतं आणि पहाटे बदलतं. पवित्र आठवड्यात तर कहर. गुरुवारी ग्लोरिया, म्हणजे गौरवगीत, झाला की घंटा बंद, त्या थेट ईस्टरच्या रात्रीच्या ग्लोरियापर्यंत. मध्ये लाकडी खटखट्या वाजवायचा. तो मिळावा म्हणून माझ्या ताब्यातल्या पोराने मला चॉकलेट देऊ केलं होतं.

माझा मुलगा मात्र माझ्या ताब्यात नव्हता. तो अंकलकडे. घरी 'सरळ उभा राहा' म्हटलं की खांदे पाडणारा हा प्राणी अंकलच्या एका भुवईवर ताठ होतो. आधी राग आला. मग लक्षात आलं, ज्या पोराला मी बघतो ते घरी त्याच्या आईला जुमानत नाही आणि माझ्यासमोर मुकाट चंबू पुसतं. बापाच्या बोलण्यात काल-परवाचं सगळं भांडण मिसळलेलं असतं. परक्या माणसाकडे ती वही कोरी असते.

चर्चने हे पूर्वीच ओळखलं असावं. मुलाचं दृढीकरण, म्हणजे कन्फर्मेशन, जवळ आलं तेव्हा मी उत्साहाने म्हटलं, धर्मपिता मीच होतो. फादरनी 1983 च्या कॅनन कायद्यातलं 874 वं कलम दाखवलं: धर्मपालक किमान सोळा वर्षांचा हवा, दृढीकरण झालेला कॅथलिक हवा, आणि मुलाचे आई-वडील चालत नाहीत. म्हणजे बाप म्हणूनही मी बाद, प्रोटेस्टंट म्हणूनही.

मुलाने निवड आधीच केली होती. कोळसा शिकवणारा तो सतरा वर्षांचा. वयात बसतो, दृढीकरण झालंय, फादरनाही मान्य. अडचण एवढीच की सासूबाईंनी हा मान ओरलेमच्या मामांना बारशापासून देऊन ठेवलाय आणि मामांनी सूट शिवायला टाकलाय. त्यांना कोण सांगणार यावर घरात बैठका चालू आहेत. 'तुम्ही बाहेरचे, तुमच्यावर ते रागावणार नाहीत' असं बायकोचं मत पडलंय.