मारबतीची पाठवणी

पोळ्याची अमावास्या सरून भाद्रपद शुद्ध प्रतिपदेची पहाट झाली, की आमच्या राजेगावात दारोदारी रोवलेल्या पळसाच्या डहाळ्या उपटल्या जातात, आणि गवताचिंध्यांचा नारबोद खांद्यावर घेतलेली पोरे त्याला शिवेपार टाकून येण्यासाठी जो गलका करीत निघतात, त्यात 'ले जा रे नारबोद' म्हणणारे कंठ आणि 'घेऊन जा गे मारबत' म्हणणारे कंठ इतके मिसळून गेलेले असतात, की कोण कोणत्या भाषेत ओरडला हे विचारण्याचे प्रयोजनच उरत नाही. माश्या, मोंगसे, ढेकूण, खोकला, खरूज, पावसाळ्यात घरात शिरलेले जे जे म्हणून नकोसे, ते ते सारे त्या पुतळ्याच्या स्वाधीन करून गाव मोकळे होते. बालाघाट जिल्ह्यातले हे आमचे गाव बाघ नदीच्या काठी. पुलापलीकडे गोंदिया जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. भोसल्यांच्या राज्यात आणि पुढे इंग्रजी अमदानीतही या दोन्ही तीरांवर हुकूम चाले तो नागपूरचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, सरहद्द इथे येऊन टेकली, आणि राजधानीचे शहर आम्हांला परराज्यातले झाले. कचेऱ्यांचे दप्तर भोपाळकडे वळले. सणावारांचे मन मात्र नागपूरकडेच राहिले.

माझी पत्नी मूळची कोकणातली, चित्रांची जिवापाड आवड असलेली. एका चित्रसंग्रहात तिला गोयाचे 'सार्डिनचे दफन' हे चित्र भेटले: स्पेनमधल्या कार्निव्हलचा शेवटचा दिवस, मुखवटे घातलेला बेभान जमाव, मध्ये नाचणाऱ्या शुभ्रवसना आणि त्या साऱ्यांच्या डोक्यावर हसऱ्या, किंचित भयप्रद मुखाचे एक काळसर निशाण. माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत असलेल्या त्या मूळ चित्रापर्यंत आम्ही पोचणे कठीण; पण पुष्कळ वेळ ते पान न उलटता बसलेली ती शेवटी म्हणाली, "अहो, हे तर आपल्या नारबोदाचं थोरलं भावंड दिसतं. याहून जवळचं कुणी असेल तर दाखवा ना." जवळचे म्हणजे नागपूरच्या मारबती: मिरवून नेऊन जाळावयाचे ते दोन स्त्री-पुतळे. म्हणून त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी बैलांचे औक्षण पाहून आम्ही दोघे गोंदियाला आलो आणि इतवारीची गाडी धरली. वैनगंगा दुथडी भरून वाहत होती. धानाच्या बांध्या हिरव्या झाल्या होत्या. नागपूर ते राजनांदगाव हा लोहमार्ग प्रथम मीटर गेजचा होता आणि तो १८८२ साली पुरा झाला. नागपुरातली काळी मारबत त्याच्या आदल्याच वर्षीची, १८८१ ची, आणि पिवळी मारबत १८८५ ची. आमच्या मुलखात आगगाडी आणि ही मिरवणूक अशा एकाच सुमारास आल्या, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण खेड्याखेड्यांत पहाटेच्या अंधारात चालणारा विधी शहरात येऊन भर दुपारचा उत्सव झाला, तो माणसे शहराकडे लोटू लागली त्याच काळात.

संध्याकाळी आम्ही नागपूरच्या जागनाथ बुधवारीत गेलो. पिवळी मारबत तऱ्हाणे तेली समाजाची. मिरवणुकीच्या आधीपासूनच लोक तिच्या दर्शनाला येऊ लागतात. दिव्यांच्या उजेडात ती प्रचंड पीतवर्णा स्त्री समोर आली, तेव्हा माझी पत्नी क्षणभर थबकली आणि मग, चित्रे पाहण्याच्या तिच्या सवयीप्रमाणे, चेहऱ्याकडे न पाहता आधी हातांकडे पाहू लागली. बोटांच्या पेरांवर, रंगाचा थर जिथे पातळ झाला होता तिथे, आतल्या कामट्यांना आवळलेल्या सुतळीच्या गाठी उमटून दिसत होत्या. एकेक पेर कोणीतरी निगुतीने, वेळ काढून बांधले होते. दुसऱ्या दिवशी जाळावयाच्या वस्तूवर इतके परिश्रम! पायांशी एक म्हातारी नातवाला घेऊन उभी होती. तिने त्या लेकराचे कपाळ मारबतीच्या पावलाला टेकवले, हळदकुंकू वाहिले आणि आमच्याकडे पाहून जागा करून दिली. पत्नीने विचारले, "आजी, उद्या हिला गावाबाहेर घालवायची ना? मग आज हिची पूजा कशी?" म्हातारी म्हणाली, "आमी तिले हाकलत नाई, बाई. थे आमचं दुखनं नेते."

या एका वाक्याने मला लहानपणापासून पाहिलेल्या नारबोदाचा अर्थ कळला. दुःख घराबाहेर टाकताना ते वाहून नेणाऱ्याचे उपकार स्मरले पाहिजेत, ही जाण आमच्या लोकांना शास्त्राने शिकविलेली नाही. ती त्यांची स्वतःची आहे, आणि मी तिला मोठी संस्कृती म्हणतो.

काळ्या मारबतीची हकीकत मात्र निराळी. कोणी तिला पूतना म्हणतात. पण नागपुरात अधिक रुजलेली समजूत अशी, की भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली, तिच्या निषेधार्थ ही निघू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी नेहरू पुतळ्याजवळ दोन्ही मारबती एकमेकींसमोर आल्या, आणि ढोलताशांच्या कल्लोळात तो जनसमुदाय असा उचंबळला, की पत्नीने माझा हात घट्ट धरला. त्या गर्दीत मला बाकाबाई आठवत होती. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई हरलेली, पुढच्याच साली राजे आप्पासाहेब भोसले पदच्युत झालेले, गादीवर अज्ञान नातू आणि कारभारावर इंग्रज रेसिडेंटचा हात. अशा वेळी दुसऱ्या रघुजींच्या या विधवेने जे केले, त्याला द्रोह म्हणावे की बुडत्या घरातले जे हाती लागेल ते वाचविण्याची धडपड, याचा निवाडा मला तरी इतका सोपा वाटत नाही. १८५८ साली ती वारली; त्यापूर्वीच तिच्या डोळ्यांदेखत राज्य खालसा झाले होते. लोकांनी मात्र निकाल दिला आणि तो दरसाल वाचून दाखवितात. या निकालावर मी सही करणार नाही; पण राज्य गेल्याची वेदना ज्यांना दरबारात मांडता आली नाही, त्यांनी ती रस्त्यावर मांडली, हा त्यांचा हक्क मला मान्य आहे.

बडग्ये याच हक्काचे वारस. मारबतींच्या मागून निघणारे हे पुरुष-पुतळे जिवंत अन्यायांचे असतात: महागाई, भ्रष्टाचार, त्या त्या वर्षी लोकांच्या जिवाला लागलेले जे काही असेल ते. स्पेनमध्ये एस्त्रेमादुरा प्रांतातल्या व्हियानुएव्हा दे ला व्हेरा या गावी कार्निव्हलात 'पेरोपालो' नावाचा पेंढ्याचा माणूस गावभर फिरवितात, त्याला दोषी ठरवितात आणि शेवटी नष्ट करतात, हे मी पत्नीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तिथेही गावच न्यायाधीश." होय, आणि म्हणूनच फ्रान्कोच्या राजवटीने १९३७ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना, कार्निव्हलला मनाई केली. मुखवट्याआडून बोलणाऱ्या प्रजेचे भय हुकूमशहाला फौजेपेक्षा कमी नसते. आमच्याकडे बंदी आली ती निराळ्या कारणाने: रोगराई घेऊन जा म्हणून जिला साकडे घालावयाचे, तिचीच मिरवणूक २०२० साली साथीमुळे निघू शकली नाही. त्या वर्षी नागपूरकरांच्या घशात अडकून राहिलेली ती हाक मला अजूनही व्याकूळ करते.

सायंकाळी नाईक तलावाकडे पिवळीला निरोप देण्यास लोक चालले, तेव्हा पत्नीला त्या बोटांच्या गाठी आठवत होत्या. "ज्यांनी त्या बांधल्या, ते आज इथे असतील ना?" एवढेच ती बोलली.

ज्यांना हा उत्सव पाहावयाचा असेल, त्यांनी केवळ मिरवणुकीच्या दुपारी जाऊन परत फिरू नये. पोळ्याच्या संध्याकाळीच नागपूर गाठावे, जागनाथ बुधवारीत जाऊन पिवळीच्या पायांशी थोडा वेळ उभे राहावे, आणि घरात लहान मूल असेल तर त्यालाही बरोबर न्यावे.