वंश राखणारे काका

पीएचडीच्या प्रमाणपत्रावर नाव माझं आहे. निम्मं काम गोव्यात दोनापावल्याच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सहायकांचं. सगळे त्यांना काकाच म्हणत.

समुद्रात तरंगणारं वनस्पतिप्लवक फ्लास्कमध्ये वाढवायचं, हे माझं काम. पोषक द्रावणाची कृती हाताशी होती. अमेरिकेतल्या गिलार्ड आणि रायथर यांनी 1962मध्ये छापलेली, आता निम्म्या ताकदीनं जगभर वापरली जाणारी ‘एफ बाय टू’ : नायट्रेट, फॉस्फेट, डायटम या एकपेशीय शैवालाच्या कवचासाठी सिलिकेट, सूक्ष्म धातू, आणि बी-12, बायोटिन, थायमिन. पण गिलार्डना आमच्या जुवारी खाडीचा पावसाळा कुठून ठाऊक असणार! जूननंतर खाडीचं वरचं पाणी गोडं होत जातं. म्हणून काका मे महिन्यातच भरतीचं पाणी कॅनमध्ये भरून, गाळून अंधारात ठेवत. “पाऊस लागला की हे पाणी समुद्राचं नाही बाय, नदीचं.”

काकांनी शिकवलं : ऑटोक्लेव्हमधून काढलेलं पाणी पूर्ण निवल्यावरच जीवनसत्त्वं घालायची. फ्लास्कवर तारीख पेन्सिलनं लिहायची, कारण शाई स्पिरिटनं पुसली जाते. पेशी मोजायच्याच, पण आधी रंग बघायचा : सोनेरी तपकिरी असेल तर ठीक, फिकटला की लगेच ताज्या द्रावणात न्यायचं. हे कुठल्याच पुस्तकानं मला इतकं नीट सांगितलं नव्हतं.

बाबांच्या आजारपणात मी बरेच महिने गावी अडकले. माझे डायटम गेले, असं धरूनच परतले. शेल्फवर ओळीनं फ्लास्क, प्रत्येकावर काकांच्या अक्षरात तारीख. विरजण मोडू द्यायचं नाही तसं त्यांनी माझं काम राखलं होतं. गणेश चवथीला घरी जाण्याआधीही थोडं जुनं नव्यात घालून गेले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “तिसऱ्याला आज बदल.”

गिलार्डनी 1958मध्ये न्यूयॉर्कजवळच्या मोरिचेस उपसागरातून वेगळा केलेला एक डायटम असाच आजही जिवंत आहे. जनुकीय आराखडा वाचला गेलेला पहिला डायटम तोच, 2004मध्ये. मधल्या वर्षांत त्याला फ्लास्कमागून फ्लास्क पुढे नेणारे हात कुणाचे, हे त्या आराखड्यात दिसत नाही.

माझ्या पहिल्या शोधनिबंधात मी काकांचं नाव लेखकांमध्ये घातलं. “मी काय लिहिलंय त्यात?” त्यांनी विचारलं. नव्या संशोधकांना माझं सांगणं आहे : तुमचं कल्चर जगवणाऱ्या माणसाला आभारांच्या ओळीत गुंडाळू नका, लेखकांच्या यादीत घ्या.