झोपेचे हेडक्वार्टर

माणूस कोठला, हे ओळखण्याच्या रीती पुष्कळ आहेत. कोणी मूळ गाव विचारतो, कोणी कुलदैवत विचारतो, सरकार रेशनकार्ड पाहते. आमच्या भुसावळात रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांना आणखी एक रीत ठाऊक असते. "वडिलांचं हेडक्वार्टर कोणतं?" एवढे विचारले की झाले! ड्रायव्हर, गार्ड या मंडळींना रेल्वे एक गाव नेमून देते. त्या गावी गाडी सोडली म्हणजे माणूस घरी आला असे कागदोपत्री धरतात, आणि विश्रांती मोठी मिळते. दुसरीकडे कोठे सोडली तर तो परगावी. तेथे रनिंग रूममधली खाट आणि आखूड विश्रांती. माझे वडील मालगाडीचे गार्ड होते. (२०२२ पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण ते नाव आमच्या घरात अजून कोणाच्या तोंडी बसलेले नाही.) त्यामुळे माणसाच्या झोपेचाही हिशेब कचेरीने नेमलेल्या गावावरून होतो, हे मला रेखांश-अक्षांशांच्या आधी कळले.

गेल्या दिवाळीला माझा मावसभाऊ अमेरिकेहून आला. तिकडच्या एका मोठ्या कंपनीत तो वैमानिक आहे. लॉस एंजलिसहून पॅसिफिक महासागर ओलांडून सिडनी, ऑकलंड अशा फेऱ्या करतो. आल्या रात्री तीन वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून आई दचकून उठली, तर हे महाशय डब्यातला चिवडा खात बसलेले! दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्याला भंडावून सोडले. विमान किती उंच जाते, वेग किती, पगार किती (हा प्रश्न अर्थात शेजारच्या काकूंचा). वडील तेवढे गप्प होते. शेवटी त्यांनी विचारले,

"तुझं हेडक्वार्टर कोणतं रे?"

"लॉस एंजलिस, काका."

"आणि घर?"

"पोर्टलंड. मधे अडीच तासांचं उड्डाण आहे."

"म्हणजे ड्यूटीच्या आधी एक ड्यूटी!"

"ती ड्यूटी धरत नाहीत, काका. तो माझा खाजगी प्रवास."

वडील नुसते 'हं' म्हणाले. मला मात्र तो 'खाजगी' शब्द टोचत राहिला. पुढचे दोन महिने भूगोलाच्या अभ्यासाच्या नावाखाली मी हेच वाचत होते.

पॅसिफिकवरची नियमित हवाई टपालसेवा २२ नोव्हेंबर १९३५ ला सुरू झाली. त्या दिवशी पॅन अमेरिकन कंपनीचे 'चायना क्लिपर' हे पाण्यावर उतरणारे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम असे टप्पे घेत २९ तारखेला मनिलाला पोचले. प्रत्यक्ष उड्डाण ६० तासांच्या आसपास. बाकीचा वेळ बेटांवरच्या मुक्कामांचा. पुढे मिडवे आणि वेक या ओसाड बेटांवर कंपनीने त्यासाठी हॉटेले बांधली. घड्याळाचे काटे दररोज थोडेथोडे मागे जात, आणि शरीरही बिचारे त्यांच्याबरोबर सावकाश सरके. मग जेट विमाने आली, इंधनाच्या टाक्या मोठ्या झाल्या आणि बेटांची गरज सरली. होनोलुलू ते ग्वाम हे 'आयलंड हॉपर' तेवढे अजून माजुरो, कोस्राए, पोनपे अशी बेटे घेत जाते, अगदी आपल्या पॅसेंजर गाडीसारखे. पण त्याचा दिवस इतका लांबतो की वैमानिकांचे दोन संच बरोबर न्यावे लागतात, शिवाय एक मेकॅनिक. बाकीच्यांना मुक्कामाला बेट राहिले नाही. तेव्हा ते विमानातच आणावे लागले.

हे विमानातले बेट म्हणजे पुढच्या भागात, प्रवाशांच्या डोक्यावर, छताच्या पोकळीत बसवलेली दोन खाटांची खोली. अरुंद जिन्याने वर चढायचे, वाकूनच आत शिरायचे आणि पट्टा बांधून झोपायचे. लॉस एंजलिस ते सिडनी हे अंतर सुमारे १२,००० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ १५ तास. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे दोन वैमानिकांनी फार तर ९ तास उडायचे, तिघांनी १३. चौघे असले तर १७ तासांपर्यंत चालते. म्हणून चौघे जातात, आणि मधल्या प्रवासात दोघे पुढे बसले की दोघे खाटेवर. जो विमान खाली उतरवणार, त्याला कामाच्या उत्तरार्धात सलग दोन तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असे स्वतंत्र कलम आहे. हे कलम मला फार आवडले. नियम लिहिणाऱ्याने पहाटेच्या धावपट्टीकडे टक लावून पाहणारे डोळे मनात आणले असतील, असे वाटते. शिवाय विश्रांतीच्या जागांचे आगगाडीसारखे तीन वर्ग! पहिल्या वर्गात सपाट खाट, स्वतंत्र खोली, उजेड आणि आवाजाचा बंदोबस्त. दुसऱ्यात पडद्याआडची, जवळजवळ आडवी होणारी खुर्ची. तिसऱ्यात ४० अंश मागे रेलणारी नुसती खुर्ची. वर्ग जितका वरचा, तितका कामाचा दिवस लांबवता येतो.

हे नियम जानेवारी २०१४ पासून अमलात आले, पण प्रवासी विमानांपुरतेच. मालविमाने वगळली गेली, कारण तेथे खर्च फायद्याहून जास्त होतो, असे सरकारी गणित निघाले. अँकरेजच्या तळावरून त्याच काळोखातून तोच समुद्र ओलांडणाऱ्या मालवाहू वैमानिकांना जुनेच नियम राहिले. मालगाडीच्या गार्डच्या मुलीला याचे नवल वाटायचे कारण नाही.

आता घड्याळाची गोष्ट. सोमवारी रात्री साडेदहाला लॉस एंजलिसहून निघालेला माणूस बुधवारी सकाळी सिडनीला उतरतो. मधला मंगळवार आंतरराष्ट्रीय वाररेषा गिळून टाकते. हॉटेलात पडदे ओढून दादा झोपू पाहतो, तेव्हा पोर्टलंडमध्ये दुपार चाललेली असते. कायदा म्हणतो, त्या भागात ७२ तास काढले, किंवा कामातून सलग ३६ तास मोकळे मिळाले, की वैमानिक तेथल्या वेळेला सरावला असे समजावे. छत्तीस तासांत! आमच्याकडे नव्या सुनेला सासरच्या चहाची चवसुद्धा तेवढ्यात अंगवळणी पडत नाही. आणि जो सरावलेला नाही, त्याच्या कामाच्या कमाल वेळातून वजा काय करायचे? ३० मिनिटे. माणूस एकीकडे आणि त्याची रात्र दुसरीकडे, या ताटातुटीची किंमत अर्धा तास.

शास्त्रज्ञांनी हे मोजले नाही असे नाही. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचा एक अहवाल १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग पॅसिफिक ओलांडणाऱ्या नेहमीच्या विमानांतच झाला होता. वैमानिकांच्या एका गटाला पाळीपाळीने, जागेवरच, ४० मिनिटे डोळे मिटायची मुभा दिली; दुसऱ्या गटाला दिली नाही. पहिल्या गटातले वैमानिक १०० पैकी ९३ वेळा झोपले, तेही सरासरी सहाएक मिनिटांत, आणि २६ मिनिटे झोपले. दुसऱ्या गटात, काही सेकंदांच्या का होईना, नकळत लागलेल्या डुलक्या यंत्राने टिपल्या, विमान उतरू लागल्यावरसुद्धा. एवढे होऊन अमेरिकेने कॉकपिटमधल्या अशा झोपेला परवानगी दिली नाही, कॅनडाने दिली. तिकडे जागेपण कायद्याने सक्तीचे आहे आणि झोप निसर्गाने, एवढाच मला अर्थ लागला.

पण सगळ्यात अवघड जागा वडिलांनी पहिल्याच प्रश्नात पकडली होती. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक छोटे प्रवासी विमान कोसळले. ५० माणसे गेली. त्यातल्या सहवैमानिक बाईंचा तळ होता अटलांटिक किनाऱ्याजवळ नेवार्क येथे, आणि राहायच्या त्या पॅसिफिककडच्या सिएटलजवळ. आदल्या रात्री मालविमानातल्या मोकळ्या जागी बसून, मेम्फिसला विमान बदलून, त्या देश ओलांडून कामावर आल्या होत्या. कॅप्टनचे घर फ्लोरिडात. चौकशीत मुख्य ठपका कॅप्टनने इशाऱ्यानंतर केलेल्या चुकीच्या हालचालींवर आला. थकव्याने दोघांच्या कामावर परिणाम झाला असावा, पण किती ते ठरवता येत नाही, असे चौकशी मंडळाने लिहिले. २०१४ चे नियम या अपघातातूनच जन्मले. त्यांत हॉटेलातली झोप मोजली, छतातली झोप मोजली, लांबच्या फेरीत आठवडाभराहून अधिक बाहेर राहून परतल्यावर ५६ तासांची विश्रांती घातली; पण घर ते तळ हा प्रवास वैमानिकाच्या स्वतःच्या जबाबदारीवरच ठेवला. ते ५६ तास सुरू होतात लॉस एंजलिसला. त्यातूनच दादाने पोर्टलंडला जायचे आणि परत यायचे.

मग तळाजवळच का राहत नाही? हा प्रश्न मीही विचारला. तो म्हणाला, वहिनीची नोकरी पोर्टलंडला, मुलीची शाळा तेथे, आणि तळ काय कायमचा असतो? हे खोटे नाही. कॅथे पॅसिफिक या हाँगकाँगच्या कंपनीने २०२१ मध्ये कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथले वैमानिकांचे तळ बंद केले. त्या गावांत घरे थाटलेली माणसे एका पत्राने परगावची झाली.

सध्या दादाने लॉस एंजलिसच्या विमानतळाजवळ एका घरात खाट भाड्याने घेतली आहे. तेथे आठ वैमानिक आणि सहा खाटा आहेत. सगळे एका रात्री येत नाहीत, या भरवशावर ते चालते. वडिलांना रेल्वे परगावी खाट देत असे. याला हेडक्वार्टरच्या गावी पदरचे पैसे मोजून खाट मिळवावी लागते. त्याने सिएटलच्या तळासाठी अर्ज केला आहे. तेथून घर मोटारीने तीन तास. विमान लहान मिळेल, पगारही थोडा उतरेल, त्याची तयारी आहे. पण तळ मिळतो ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे, आणि यादीत पुढे बरीच नावे आहेत. परवा मावशीने फोनवर विचारले, "मग कधी रे मिळणार?" तो म्हणाला, "वरचे पासष्टीला पोचले की, आई. एकेक निवृत्त होतोय."